स्पर्शाची परीक्षा : मृदू यंत्रे, 'आर. यू. आर.' आणि तेरचे थापटणे

प्रास्ताविक

यंत्र म्हणजे ताठर वस्तू, हा समज आपल्या भाषेत इतका मुरला आहे की माणसाच्या वागण्याला 'यांत्रिक' म्हटले तरी त्यातून कोरडेपणा आणि ताठपणाच सूचित होतो. गेल्या दोन दशकांत प्रयोगशाळांनी हा समज मोडीत काढला. २०११ साली हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या संशोधनगटाने सिलिकॉन रबराचा एक चार पायांचा रोबॉट सादर केला. त्याच्या अंगात एकही हाड वा सांधा नव्हता. आतील पोकळ्यांमध्ये हवा भरली की तो वाकत असे, सरपटत असे आणि बुटक्या फटीतून अंग चोरून पलीकडे जात असे. त्याच वर्षी जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंदणाप्रमाणे त्वचेवर बसणारे, त्वचेबरोबर ताणले जाणारे विद्युत्-परिपथ तयार केले. २०१६ मध्ये ऑक्टोपसाच्या आकाराचा, संपूर्ण शरीर मऊ असलेला 'ऑक्टोबॉट' आला. त्याला बॅटरी नव्हती, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनातून निघणाऱ्या वायूवर तो चालत असे. पोलादाची ताठरता मानवी त्वचेच्या लाखो पट असते. हे अंतर कमी करणे, म्हणजे शरीराला बोचणार नाही असे यंत्र आणि शरीराबरोबर वाकेल असा संवेदक घडवणे, हे या नव्या शाखेचे उद्दिष्ट होय.

प्रस्तुत निबंधात या शाखेचा तांत्रिक आढावा घ्यावयाचा नाही. तो इंग्रजी नियतकालिकांतून विपुल उपलब्ध आहे. मराठीत या विषयाकडे कोणत्या शब्दांतून आणि कोणत्या कथांतून पाहिले जाते, हा येथील चिकित्सेचा विषय आहे. त्यासाठी दोन कथनांचा आधार घेतला आहे. एक, 'रोबॉट' हा शब्द जगाला देणारे कारेल चापेक यांचे चेक नाटक 'आर. यू. आर.'. दुसरे, आपल्या जिल्ह्यातील तेर येथील संत गोरा कुंभार यांची परंपरेने चालत आलेली कथा. ही जोडणी वरवर पाहता ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. परंतु दोन्ही कथनांच्या केंद्रस्थानी मऊ द्रव्य, राबणारे शरीर आणि स्पर्श याच तीन गोष्टी आहेत. संवेदक कोणासाठी संवेदना टिपतो, हा मृदू यंत्रशास्त्रात सहसा न विचारला जाणारा प्रश्न या दोन्ही कथनांच्या वाचनातून पुढे येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'यंत्रमानव' या शब्दाची अडचण

'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या रंगमंचावर आले. 'रोबॉट' हा शब्द कारेल यांना त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवला. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ सक्तीची, बिनमोबदल्याची चाकरी. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे : वेठ.

हा शब्द मराठवाड्याला कोशातून शिकावा लागला नाही. निजामी राजवटीत वेठबिगार हा खेड्यातील व्यवहाराचाच भाग होता आणि वतनाच्या नावाखाली महार-मांग समाजाकडून करून घेतली जाणारी कामे ही त्याची सर्वांत पक्की चौकट होती. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ही गोष्ट स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. ज्या वीस वर्षांत 'रोबोटा' हा शब्द युरोपच्या रंगभूमीवरून जगभर पोहोचला, त्याच काळात त्या शब्दाच्या अर्थाशी येथील माणसे प्रत्यक्ष झगडत होती.

मराठीने मात्र रोबॉटसाठी 'यंत्रमानव' हा शब्द घडवला. शब्द सुटसुटीत आहे, रुळलाही आहे. पण त्याने मूळ अर्थातील वेठ गाळली आणि नसलेल्या दोन गोष्टी आत आणल्या. चापेक यांचे रोबॉट यंत्रे नाहीत. नाटकातील कारखान्यात धातूचे सुटे भाग जोडले जात नाहीत. तेथे जीवद्रव्यासारखे एक रासायनिक द्रव्य कणकेप्रमाणे मळले जाते, यकृत आणि मेंदू यांच्यासाठी मोठाल्या कढया आहेत, मज्जातंतू आणि शिरा यांचे सूत काढले जाते. म्हणजे जगातला पहिला रोबॉट मऊ होता. पोलादी रोबॉट नंतरचा. त्याची प्रतिमा चित्रपटांनी आणि मासिकांच्या मुखपृष्ठांनी घट्ट केली. आज मऊ यंत्रांना 'नवे' म्हटले जाते तेव्हा निदान साहित्याच्या इतिहासापुरते तरी हे विशेषण तपासून घ्यावे लागते.

'मानव' या घटकाचीही तीच गत. मऊ रोबॉटांपैकी बहुतेकांना माणसाचा आकार नाही. कोणी ऑक्टोपसाच्या बाहूसारखा, कोणी अळीसारखा, कोणी फळ अलगद धरणारा चार बोटांचा रबरी पंजा. 'मृदू यंत्रमानव' असा शब्द केला तर तो वाचकाच्या डोळ्यांपुढे कापसाची बाहुली उभी करील. म्हणून येथे 'मृदू यंत्र' आणि शाखेसाठी 'मृदू यंत्रशास्त्र' हे शब्द योजले आहेत. तेही निर्दोष नाहीत. मराठीत मऊ, मृदू, नरम, लवचीक, लुसलुशीत, लिबलिबीत अशा कितीतरी छटा आहेत आणि कुंभाराला, सुताराला, भाकरी थापणाऱ्या बाईला त्या वेगळ्या कळतात. परिभाषा समितीला त्यांतील एकच उचलावी लागते.

मराठी विज्ञानकथेने या बाबतीत काय केले, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी या दृष्टीने महत्त्वाची. एका प्राचीन संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानाच्या आधारे घडवलेला वामन हा तिच्या केंद्रस्थानी असलेला यंत्रमानव. त्याच्या नावामागे तीन पावलांत सारे व्यापणाऱ्या बटूची पुराणकथा उभी आहे. (तेर येथील विटांचे प्राचीन मंदिर याच त्रिविक्रमाचे आहे, हा योगायोग नोंदवण्याजोगा.) कादंबरीची मुख्य चिंता यंत्राची बुद्धी आणि त्याचे स्वतःसारखे दुसरे घडवण्याचे सामर्थ्य ही आहे. विज्ञानकथाकार म्हणून नारळीकरांचा अधिकार वादातीत. उस्मानाबादेत जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनानंतरचे, २०२१ चे नाशिकचे संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरले. तरीही एक निरीक्षण मांडावेसे वाटते. मराठी विज्ञानकथेने यंत्राच्या बुद्धीचा जितका विचार केला त्या मानाने त्याच्या कातडीचा फार थोडा केला. यंत्र विचार करू लागले तर काय, हा प्रश्न तिला भुरळ घालतो. यंत्राला चटका बसला तर काय, हा प्रश्न तिच्या वाटेला क्वचितच येतो. चापेक यांना मात्र तो पहिल्याच प्रवेशात पडला होता.

डॉ. गॉल यांचा प्रयोग

नाटकाच्या प्रारंभी हेलेना ग्लोरी कारखान्यास भेट देते तेव्हा शरीरविज्ञान विभागाचे प्रमुख डॉ. गॉल तिला आपल्या एका प्रयोगाची माहिती देतात. धाकट्या रॉसमने रोबॉटांची मज्जासंस्था इतकी सोपी करून टाकली होती की त्यांना शारीरिक वेदना जवळजवळ होतच नाहीत. परिणामी रोबॉट आपला हात यंत्रात घालतो, बोट मोडून घेतो आणि तरी थांबत नाही. यात कारखान्याचे नुकसान आहे. म्हणून त्यांना वेदना द्यावयाची. हेलेनेला वाटते, हे त्यांच्या सुखासाठी असेल. गॉल तिचा भ्रम दूर करतात. रोबॉट त्यामुळे सुखी होणार नाहीत. तंत्रदृष्ट्या अधिक परिपूर्ण होतील, एवढेच.

या छोट्याशा संवादाकडे समीक्षेने सहसा विनोदाचा तुकडा म्हणून पाहिले आहे. प्रस्तुत लेखकास तो नाटकाचा मर्मबिंदू वाटतो. येथे संवेदकाची व्याख्याच सांगितली आहे. संवेदक म्हणजे इजा होण्यापूर्वी सूचना देणारी व्यवस्था, आणि ती व्यवस्था बसवण्याचा खर्च जो करतो त्याच्या नफ्यातोट्यावर तिचे स्थान ठरते. मराठीत 'संवेदक', 'संवेदना' आणि 'वेदना' हे शब्द एकाच धातूपासून येतात, आणि 'संवेदना' या शब्दात जाणीव आणि सहानुभूती असे दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजी पारिभाषिक शब्दात न दिसणारा पेच मराठी शब्द आपोआप उघड करतो : गॉल यांना पहिला अर्थ हवा आहे, हेलेनेला दुसरा.

गॉल यांचे स्वप्न आज बऱ्याच अंशी साकार झाले आहे. सिलिकॉनच्या पट्टीत केसाएवढ्या नळ्या कोरून त्यांत गॅलियम आणि इंडियम यांचा, खोलीच्या तापमानाला द्रवरूप राहणारा मिश्रधातू भरतात. पट्टी ताणली की नळी लांब आणि अरुंद होते, विद्युत्-रोध वाढतो, आणि त्या वाढीवरून बोट किती वाकले ते कळते. दाबासाठी दोन वाहक पापुद्र्यांमध्ये रबराचा थर देतात. दाब पडला की थर पातळ होऊन विद्युत्-धारिता बदलते. टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांनी २००४ च्या सुमारास अशा संवेदकांची जाळी करून 'विद्युत् त्वचे'ची कल्पना प्रत्यक्षात आणून दाखवली. पुढे केवळ दाब न मोजता विशिष्ट मर्यादेपलीकडील दाबाला वा उष्णतेला 'वेदना' म्हणून प्रतिसाद देणारे संवेदकही झाले. ज्या वाहक बहुवारिकांमुळे असे मऊ परिपथ शक्य झाले त्यांच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बहुवारिकांच्या संवेदकांवर छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही काम झाले आहे. तेथे प्रगत संवेदक तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. तेव्हा हा विषय आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

मऊपणाची किंमतही मोजावी लागते. ताठर धातूचा संवेदक त्याच वजनाला दहा वेळा तोच आकडा देतो. मऊ पट्टीचे तसे नाही. ती ताणून सोडली की तिचा विद्युत्-रोध गेल्या वाटेने परतत नाही. त्याच ताणाला चढताना एक आकडा आणि उतरताना दुसरा मिळतो. वारंवार ताणल्यावर जुन्या इलॅस्टिकप्रमाणे ती सैलावतेही. म्हणजे मऊ संवेदकाला गतकाळाची आठवण राहते आणि त्याचे म्हणणे ऐकताना ही आठवण वजा करावी लागते. अभियंते हा दोष मानतात. चापेक यांच्या नाटकात रोबॉटांना मधूनच एक झटका येतो. हातातील काम टाकून ते दात खात उभे राहतात. व्यवस्थापक डोमिन त्याला कारागिरीतील दोष समजून अशा रोबॉटांना भरडायला पाठवतो. हेलेनेला तेथे जिवाची खूण दिसते.

तेरचे थापटणे

आता तेरकडे वळू. तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहनकाळात रोमन जगाशी व्यापार असलेले हे नगर मातीच्या मूर्ती आणि भांडी यांसाठी पुरातत्त्वज्ञांना परिचित आहे. तेथील लामतुरे संग्रहालयात त्यांचे नमुने पाहावयास मिळतात. मातीत हात घालणाऱ्यांची परंपरा तेरला संतकथेच्या कितीतरी आधीपासूनची आहे, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक.

गोरोबाकाकांची कथा महिपतींच्या 'भक्तविजय' या १७६२ च्या ग्रंथामुळे घरोघरी पोहोचली. भक्तीचा महिमा म्हणूनच ती सांगितली आणि ऐकली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिचे घटनाक्रम सुटे करून पाहिले तर प्रत्येक वळणावर स्पर्शाचाच प्रश्न उभा राहतो. नामस्मरणात तल्लीन झालेले गोरोबा चिखल तुडवीत आहेत. रांगत आलेले मूल पायाखाली येते. पायांना चिखलाचा मऊपणा आणि मुलाच्या अंगाचा मऊपणा यांतील फरक कळत नाही. पत्नी संती आकांत करते, ते रागाने काठी उगारतात, तेव्हा ती विठ्ठलाची शपथ घालते : मला शिवू नका. ते शपथ पाळतात. सासरा धाकटी मुलगी रामी हिचाही विवाह त्यांच्याशी लावतो आणि दोघींना सारखेच वागवा म्हणतो. गोरोबा दोघींनाही शिवत नाहीत. एका रात्री झोपेत त्यांचे हात त्यांच्या बायका आपल्या अंगावर ठेवून घेतात. जागे होताच शपथ मोडली म्हणून ते आपले हात तोडून टाकतात. पुढे पंढरपुरात कीर्तनाच्या वेळी हात परत फुटतात आणि मूलही परत मिळते.

भक्तीचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवला तर ही स्पर्शाच्या लोपाची आणि पुनःप्राप्तीची कथा आहे. तिचे कारागिरीशी असलेले नाते समीक्षेने फारसे लक्षात घेतलेले नाही. हात तोडणारा माणूस कुंभार आहे. त्याच्या दृष्टीने हात गमावणे म्हणजे उपजीविका आणि ज्ञान दोन्ही गमावणे. कोणत्या मातीत किती पाणी राहिले आहे, कडा केव्हा पुरेशी पातळ झाली, हे कुंभाराच्या डोळ्यांना पुष्कळ नंतर कळते. बोटांच्या पेरांना आधी कळते. आणि हे कळणे निष्क्रिय नसते. कुंभार मातीला दाबतो, माती प्रतिकार करते, त्या प्रतिकारावरून पुढचा दाब ठरतो. मातीची परीक्षा आणि मातीची घडण ही एकच क्रिया असते.

हाच मुद्दा कथेच्या दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध प्रसंगात लख्ख दिसतो. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाई थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारतात. मडके कच्चे की पक्के हे पाहण्याचे साधन, असे उत्तर मिळते. मग गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. सारे शांत राहतात. नामदेव रागावतात आणि त्यांचे मडके कच्चे ठरते. त्यातूनच पुढे ते विसोबा खेचरांकडे जातात.

थापटणे हे मुळात घडवण्याचे हत्यार आहे. अर्धवट सुकलेल्या मडक्याला आतून एका हाताचा वा दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकतात. भिंत पातळ होते, पोट फुगते. आतला हात नसेल तर बाहेरचा घाव मडके फोडील. म्हणजे बाहेरून कृती आणि आतून जाणीव असे हे दुहेरी साधन आहे. मृदू यंत्रशास्त्रात आज ज्या अडचणीवर सर्वाधिक शक्ती खर्च होते ती नेमकी हीच. सांधे नसलेल्या मऊ शरीराला स्वतःचा आकार कळणे कठीण असते. पोलादी हाताला तीन सांधे असतील तर तीन कोन मोजले की संपूर्ण हात कळला. रबरी हात असंख्य ठिकाणी वाकू शकतो. त्याच्या पोटात संवेदक पेरणे म्हणजे कुंभाराचा आतला हात बसवणेच होय.

याच दृष्टीने पाहता अंगावर घालावयाच्या मऊ संवेदकांची एक उणीव स्पष्ट होते. ते विचारीत नाहीत, फक्त नोंदवतात. त्वचेवर चिकटलेली पट्टी नाडी, घाम, ताण यांचे आकडे पाठवीत राहते. आकडे ज्याला मिळतात तो दूर असतो. गोरोबा ज्याच्या डोक्यावर थापटणे मारतात त्याच्या समोर उभे असतात आणि त्याला रागावण्याची मुभा असते. नामदेव रागावले म्हणूनच कथा पुढे सरकते. पट्टीवर रागावता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. स्पर्शाचा असा गौरव करताना महाराष्ट्रात स्पर्श ही कधीच निव्वळ शारीरिक बाब नव्हती, याचा विसर पडता कामा नये. कोणी कोणाला शिवावे हे ठरवणारी एक संपूर्ण व्यवस्था येथे होती. सुंदर सरुक्कई यांनी गोपाळ गुरू यांच्यासमवेत लिहिलेल्या 'द क्रॅक्ड मिरर' (२०१२) या ग्रंथात अस्पृश्यतेचे विवेचन स्पर्शमीमांसेच्या अंगाने केले आहे. अस्पृश्यतेचे मूळ स्पर्श नाकारणाऱ्याच्या ठायी शोधण्याची त्यांची दिशा येथे मार्गदर्शक ठरते. शरीराला हात न लावता त्याचे सर्व आकडे मिळवून देणारे तंत्रज्ञान ज्या समाजात येते, त्या समाजाला न शिवता काम करवून घेण्याचा दीर्घ अनुभव असेल तर तेथे ते तंत्रज्ञान कसे वापरले जाईल? हा प्रश्न काल्पनिक नाही.

कोणाची त्वचा, कोणता ढिगारा

२०१० च्या दशकाच्या अखेरीस नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना मनगटावर बांधावयाची जीपीएस घड्याळे दिली. अशीच घड्याळे देशातील इतरही काही शहरांत दिली गेली. हेतू हजेरी आणि कार्यक्षमता यांचा होता. घड्याळाच्या नोंदीनुसार पगार कापला जातो ही कामगारांची तक्रार होती आणि त्यांच्या संघटनांनी विरोधही केला. ही घड्याळे मऊ नव्हती. मऊ झाल्याने प्रश्न सुटला असता का, याचे उत्तर डॉ. गॉल यांनी शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या छातीवर विषारी वायूची सूचना देणारा संवेदक असणे आणि त्याच्या मनगटावर तो कोठे थांबला हे सांगणारा संवेदक असणे, यांत तंत्राचा फरक थोडा आहे. पहिला संवेदक आधी का सुचला नाही, हा समीक्षेचा विषय आहे.

दुसरा मुद्दा त्वचेचा. मऊ संवेदकांच्या शोधनिबंधांत 'मानवी त्वचा' असा एकवचनी उल्लेख येतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर रक्तातील प्राणवायूची धोकादायक घट कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा चुकवते. त्याआधी थोडेच दिवस, १५ सप्टेंबर २०२० पासून, महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली होती आणि आशा कार्यकर्त्या हेच उपकरण घेऊन घरोघर जात होत्या. साधन स्वस्त आणि उपयोगी होते, त्याने अनेकांना वेळीच रुग्णालयात पोहोचवले असणार, हे निर्विवाद. पण ज्या बोटांवर ते लागत होते ती त्याच्या मोजमापाच्या वेळी कितपत गृहीत धरली होती, हा प्रश्न उरतोच.

धाराशिव जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या मजुरांचे हात या संदर्भात डोळ्यांपुढे आणावेत. कोयत्याने पडलेले घट्टे, पाचटाने उठलेले ओरखडे, घाम, धूळ. त्वचेचा बाह्य थर जितका जाड आणि कोरडा, तितका विद्युत्-संकेत घेणे अवघड. चिकट थर घामाने सुटतो, पाणीदार जेलचे इलेक्ट्रोड कोरड्या उन्हात वाळतात. प्रयोगशाळेतील वातानुकूलित खोलीत स्वयंसेवकाच्या मनगटावर मिळालेला आकडा येथे मिळणार नाही. ज्या शरीरांना इजेची पूर्वसूचना सर्वाधिक हवी, त्यांच्यावरच संवेदक सर्वांत कमी विश्वासार्ह ठरावा, असा हा उलटा व्यवहार आहे. द्राक्षबागेतील स्थिती निराळी. घडाची विरळणी करणाऱ्या बायकांच्या बोटांचा हलकेपणा हेच तेथील कौशल्य आहे, आणि फळ न चिरडता धरणारा रबरी पंजा जेव्हा स्वस्त होईल तेव्हा त्याची स्पर्धा याच बोटांशी असेल.

याउलट उदाहरण आपल्याच देशात आहे. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचे कृत्रिम पाऊल विकसित केले. तोवरचे परदेशी धाटणीचे पाऊल बुटात घालावयाचे होते. ते घालून उकिडवे बसता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे, मांडी घालता येत नसे. जयपूर फूट वाकते, चिखलात चालते, त्याला बूट लागत नाही. मृदू यंत्रशास्त्राच्या इतिहासात स्नायूसारखे काम करणाऱ्या हवेच्या रबरी नळीचा उल्लेख नेहमी येतो. १९५० च्या दशकात जोसेफ मॅककिबन यांनी पोलिओग्रस्त मुलीच्या हातासाठी ती वापरात आणली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. जयपूर फूटचा उल्लेख या इतिहासात अभावानेच आढळतो. त्यात संवेदक नाही, हवा नाही, संगणक नाही, हे त्याचे कारण असावे. पण मऊ द्रव्याची निवड वापरणाऱ्याच्या बसण्याउठण्यावरून करण्याचे काम तेथे आधी झाले आणि ते करणाऱ्या दोघांपैकी एक हाताने मूर्ती घडवणारा कारागीर होता. चापेक यांच्या नाटकाच्या शेवटी रोबॉट सर्व माणसांना मारतात, फक्त आल्क्विस्ट या बांधकामप्रमुखाला सोडतात. तो आपल्यासारखा हाताने काम करतो, एवढेच कारण त्यांना पुरते.

राहता राहिला ढिगाऱ्याचा मुद्दा. मृदू यंत्रांच्या उपयोगांत भूकंपातील शोधकार्याचे नाव हमखास येते. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वेलीप्रमाणे टोकाकडून वाढत जाणारी प्लॅस्टिकची नळी सादर केली. हवेच्या दाबाने ती आतून बाहेर उलगडत जाते, त्यामुळे बाजूंना घासत नाही आणि अरुंद वाटेतून दूरवर पोहोचते. कल्पना सुंदर आहे. मात्र तिच्यामागचा ढिगारा बहुधा सिमेंटच्या इमारतीचा आहे, ज्यात एकमेकांवर तिरप्या पडलेल्या लाद्यांखाली पोकळ्या राहतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूर परिसरात जी घरे पडली ती चिखलात रचलेल्या दगडी भिंतींची आणि जाड मातीच्या धाब्याची होती. असे घर कोसळते तेव्हा दगड सुटे होतात आणि माती त्यांच्यातील जागा भरून काढते. त्या पहाटे गाडल्या गेलेल्यांना पहिल्या तासांत त्यांच्याच गावकऱ्यांनी कुदळ, फावडे आणि हात यांनी बाहेर काढले. धाब्याची घरे मराठवाड्यात आजही उभी आहेत. वेलीसारखी नळी तेथे उपयोगी पडावी असे वाटत असेल तर तिला आधी ओल्या आणि सुक्या मातीत, दगडगोट्यांत, धाब्याच्या जुन्या मातीत शिरवून पाहावे लागेल. ती जितकी मऊ, तितकी फटीवर अवलंबून, आणि अशा ढिगाऱ्यात फट मातीने भरलेली असते.